उंबरठ्यावर परतलेली नोंद : जामखेडच्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची वाटचाल

नेकनूरहून मांजरसुंब्याच्या चौकात यावं, पाटोद्याचा रस्ता धरावा आणि सौताडा मागे टाकलं की जामखेड लागतं. बालाघाटाची तीच माळरानं, तोच मुरूम, तोच बेभरवशाचा पाऊस. मध्ये जिल्ह्याची हद्द आहे. पण सोयरिकी, बाजार आणि दुखणी यांना हद्द कधीच ठाऊक नव्हती. पाटोदा-आष्टीकडची माणसं पिढ्यान् पिढ्या दुखणं घेऊन जामखेडला जात आली आहेत.

नेकनूरच्या वाचकासाठी जामखेडच्या संस्थेचा इतिहास का लिहायचा, याचं कारण आपल्या गल्लीतच सापडतं. खांद्याला पिशवी अडकवून आशाताई दारात येते. बाळ किती दिवसांचं, अंगावर पितं का, ताप आहे का, हे विचारते आणि वहीत टिपून घेते. आपल्याला हे आता सवयीचं झालं आहे. पण गावातली, आपल्यातलीच एक बाई आरोग्याचं काम करू शकते, ही गोष्ट कुणीतरी आधी करून पाहावी लागली, मोजावी लागली, सिद्ध करावी लागली. ते काम देशात ज्या थोड्या ठिकाणी सगळ्यांत आधी झालं, त्यांत जामखेडचं नाव फार वर आहे. आरोग्याचं संशोधन म्हणजे शहरातली प्रयोगशाळा आणि काचेच्या नळ्या, अशी आपली समजूत असते. जामखेडने दाखवलं की संशोधन चावडीवर होऊ शकतं, आणि ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांनाही त्यात हात घालता येतो.

पूर्वपीठिका : वडाळ्याचा धडा

डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकत असताना त्यांची डॉ. मेबल यांच्याशी ओळख झाली. खेड्यातल्या माणसांसाठी आयुष्य द्यायचं, हे ठरवूनच १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं. १९६२ पासून चार वर्षं त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं.

तिथे रुग्णांची रीघ लागायची. दोघंही मनापासून राबत होते. पण हळूहळू एक गोष्ट त्यांना टोचू लागली. जुलाबाने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि काही आठवड्यांत त्याच जुलाबाने पुन्हा यायचं. अडलेली बाळंतीण शेवटच्या घटकेला बैलगाडीतून यायची. दवाखान्यात येणारे बहुतेक आजार मुळात टाळता येण्यासारखे होते, आणि ते जिथे जन्मत होते तिथवर दवाखान्याचा हात पोहोचत नव्हता. दाराशी आलेल्या रुग्णावर उपचार करून खेड्याचं आरोग्य सुधारत नाही, हे त्यांनी अनुभवातून ओळखलं.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोघं अमेरिकेला गेले. तिथे वैद्यकाचं पुढचं शिक्षण घेतलं, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि प्रकल्पाचा आराखडा मनात घेऊनच ते परतले.

स्थापना : गुरांच्या दवाखान्यात माणसांचा दवाखाना

१९७० मध्ये जामखेडला काम सुरू झालं. नगर, बीड आणि त्या वेळचा उस्मानाबाद या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरचा हा तालुका कायम अवर्षणाचा. नोकरीवर आलेला माणूस बदलीची वाट पाहायचा, असा हा मुलूख. गावकऱ्यांनी निमंत्रण दिलं आणि बसायला जागा दिली ती गुरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्याची. तिथूनच प्रकल्पाचा श्रीगणेशा झाला.

पुढे चाळीस खाटांच्या आसपासचं रुग्णालय उभं राहिलं, पण आरोळे दांपत्याने त्याला कामाचा केंद्रबिंदू होऊ दिलं नाही. रुग्णालय पाठीशी असावं आणि खरं काम गावात व्हावं, अशी त्यांची मांडणी होती.

पहिला अंदाज चुकला

प्रशिक्षित परिचारिका गावोगाव ठेवायच्या आणि त्यांच्यामार्फत सेवा द्यायची, हा मूळ आराखडा कागदावर चोख होता. गावात तो टिकला नाही. परगावची, शहरी वळणाची, अविवाहित मुलगी खेड्यात एकटी राहायला घाबरायची. तिने राहायचं म्हटलं तरी गावातल्या बायका तिचं ऐकत नसत. जिच्या पदरी मूल नाही, ती आम्हाला मुलाचं काय सांगणार, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

गाव अडाणी आहे म्हणून योजना फसली, असा शेरा मारून मोकळं होता आलं असतं. आरोळे दांपत्याने चूक आराखड्यात शोधली, आणि गावकऱ्यांशी झालेल्या बोलण्यातूनच नवी वाट निघाली : गावातलीच बाई गावाने निवडायची आणि तिला शिकवायचं.

निवडून आलेल्या बायकांत लिहिता-वाचता येणाऱ्या थोड्या होत्या. कित्येक जणी दलित वस्तीतल्या, कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, बहुतेक मजुरीवर पोट असणाऱ्या. आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. सवर्ण बाई आणि दलित बाई एका पंगतीला बसणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. औषधाची ओळख होण्याआधी त्यांना स्वतःची ओळख व्हावी, यासाठी डॉ. मेबल यांनी फार कष्ट घेतले. जिला आजवर घरात नावानेही कुणी हाक मारली नव्हती, तिला सभेत उभं राहून स्वतःचं नाव सांगायला शिकवणं हा त्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ होता.

दुष्काळाने शिकवलेला अग्रक्रम

१९७२ चा दुष्काळ बीड-नगरच्या माणसाला सांगायला नको. सुकडी, खडी फोडण्याची कामं, रिकामे गोठे, हे सगळं आपल्या आजी-आजोबांनी अंगावर काढलं आहे. त्या दिवसांत प्रकल्पाच्या लोकांनी गावात विचारलं, तुम्हाला काय हवं? औषधाचं नाव कुणी घेतलं नाही. लोकांनी पाणी मागितलं, अन्न मागितलं.

डॉक्टरांनी अग्रक्रम बदलला. विंधनविहिरी घेण्याचं काम सुरू झालं. पाण्याच्या जागा ठरवताना दलित वस्तीत हातपंप बसेल, हे जाणीवपूर्वक पाहिलं गेलं. पाण्यासाठी मग सगळ्या गावाला त्या वस्तीत यावं लागलं. पाणी आलं, आणि पाण्याबरोबर शिवाशिवीची भिंतही थोडी खचली. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावातल्याच मंडळींनी सामूहिक स्वयंपाकघरं चालवली.

पुरुषांना एकत्र आणायला डॉ. रजनीकांत यांनी एक सोपी युक्ती केली. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं. खेळ संपल्यावर घाम पुसत बसलेल्या तरुणांत गावच्या गोष्टी निघायच्या. त्यातून शेतकरी मंडळं झाली, पाठोपाठ महिला मंडळं उभी राहिली.

आकडा गावाचा, गावातच ठेवलेला

संस्थेचं खरं वेगळेपण मला इथे दिसतं. आपल्याकडे माहिती घेणारे पुष्कळ येतात. जनगणनेचे येतात, योजनेचे येतात, विद्यापीठाचे येतात. घरात किती माणसं, किती गुरं, संडास आहे का, सगळं विचारून जातात. त्या कागदाचं पुढे काय झालं, हे सांगायला कुणी फिरकत नाही.

जामखेडच्या गावांत घरोघरची पाहणी करायला शेतकरी मंडळाचे तरुण आणि आरोग्य कार्यकर्त्या बरोबर असत. कुठल्या घरात जन्म झाला, कुठे मृत्यू झाला, कोणत्या मुलाचं वजन वाढलं नाही, हे कार्यकर्ती आठवड्याच्या बैठकीत सांगायची. तान्हं मूल दगावलं असेल तर ते का दगावलं, काय केलं असतं तर वाचलं असतं, यावर चर्चा व्हायची. तीच गोष्ट मग गावात महिला मंडळात बोलली जायची. जिच्या दारातून नोंद घेतली, तिच्या दारात ती उपाय होऊन परत जायची.

जुलाबाचंच उदाहरण घेऊ. मूल जुलाबाने मरतं म्हणजे अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने मरतं. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात, १९७१ मध्ये, डॉ. दिलीप महालनोबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले आणि शिरेतून सलाइन देण्याची सोय नसेल तिथेही माणूस वाचतो हे दाखवून दिलं. हे ज्ञान नियतकालिकात छापून आलं म्हणून आपल्या वाडीतलं मूल वाचत नाही. त्यासाठी कुणीतरी चुलीपुढे बसून दाखवावं लागतं : तांब्याभर स्वच्छ पाणी, मूठभर साखर किंवा गूळ, चिमूटभर मीठ. ढवळून आधी स्वतः चाखायचं. डोळ्यांतल्या आसवापेक्षा खारट लागलं तर मीठ जास्त झालं, ते ओतून द्यायचं. मोजमापाचं भांडं घरात नसलं तरी आसवाची चव प्रत्येक आईला माहीत असते. लिहिता न येणारी कार्यकर्तीही हे बिनचूक शिकली आणि तिने ते घराघरांत शिकवलं.

कुष्ठरोगाच्या बाबतीतही हीच रीत होती. कुष्ठरुग्णासाठी वेगळी वस्ती, वेगळी खिडकी असं काही न ठेवता त्याला इतरांसारखंच त्याच दवाखान्यात तपासलं जाई. अंगावरचा सुन्न चट्टा बाई पुरुषाला दाखवत नाही. गावच्या आरोग्य कार्यकर्तीला दाखवते. लवकर कळला तर तो पूर्ण बरा होतो, हे पटल्यावर भीती ओसरू लागली.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ वर आला आणि १९९६ पर्यंत २६ वर. हजारामागे १७६ म्हणजे दर सहा पाळण्यांतला एक पाळणा रिकामा होणं. आपल्या घरातल्या जुन्या बायकांना 'किती झाली आणि किती राहिली' असं विचारायची पद्धत होती. त्या प्रश्नातलं दुःख या आकड्यात आहे.

मान्यता आणि कसोटी

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी उभ्या केलेल्या आरोग्यसेवांवर एक ग्रंथ काढला. जगभरातून निवडलेल्या थोड्या प्रयोगांत त्यात जामखेड होतं. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथल्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' हे उद्दिष्ट जगापुढे ठेवलं गेलं आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा त्याचा पाया ठरला. त्या विचाराला ज्या प्रत्यक्ष कामांनी बळ दिलं, त्यांत आपल्या शेजारच्या या माळरानाचाही वाटा आहे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण मिळालं.

या सगळ्या सन्मानांपेक्षा मला एक प्रसंग मोठा वाटतो. १९८८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आरोग्य परिषदेत जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात लखलखती झुंबरं होती. मुक्ताबाईंनी आपल्याजवळच्या साध्या दिव्याने दुसरा दिवा पेटवला. झुंबर देखणं असतं, पण महाग असतं आणि ते पाहायला लांबून यावं लागतं. पणती स्वस्त असते आणि एका पणतीने दुसरी लावता येते. डॉक्टर झुंबरासारखे आहेत, मी या दिव्यासारखी, अशा आशयाचं त्या बोलल्या. जगभरचे तज्ज्ञ उभे राहिले आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. कधी काळी गावात तोंड वर करून बोलायला बिचकणाऱ्या बायकांपैकी एक बाई तिथे जगाला आरोग्यसेवेचा सिद्धान्त शिकवत होती.

प्रेमाने केलेल्या कामाचीही परीक्षा व्हावी लागते. स्वतःच्या नोंदीवरून स्वतःचं यश सांगणं पुरेसं नसतं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संशोधकांनी प्रकल्पातली गावं आणि त्याच परिसरातली प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली. जात, शिक्षण, शेती, घर यांतले फरक हिशेबात धरले. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला.

डॉ. मेबल १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. डॉ. शोभा आरोळे आणि रवी आरोळे यांनी काम पुढे नेलं. जयपूर फूट बनवणारी कार्यशाळा, रुग्णालय आणि देश-विदेशातून येणाऱ्यांचं प्रशिक्षण केंद्र, असा आज संस्थेचा पसारा आहे. त्या केंद्रात परदेशी डॉक्टरांना शिकवायला गावच्या आरोग्य कार्यकर्त्याही असतात.

एका दिव्याने दुसरा

जामखेडनंतर सोळा वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. दोन्ही संस्था वेगळ्या, प्रदेश वेगळे, पण वाट एकच. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींमध्ये काही ना काही स्त्रीरोग आढळले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि खेड्यातली बाई मुकाट्याने किती सोसते, हे जगाला पहिल्यांदा आकड्यांत कळलं.

बाळाचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, पण मोजणारीला शंभरापर्यंत अंक येत नसले तर? सर्चने मण्यांचं एक साधं साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर बाळाला न्यूमोनिया आहे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची त्यांची पद्धत ३९ गावांत राबवून पाहिली गेली आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये जाहीर झालं. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी देशभर तिच्या कामाचा भाग झाल्या. नेकनूरच्या दारात येणाऱ्या ताईच्या पिशवीत अशा कित्येक गावांचं शहाणपण आहे.

आपल्या दाराशी उभा असलेला प्रश्न

दिवाळी झाली की नेकनूर-केजच्या पट्ट्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतल्या एकाने खाडा केला तरी पैसे कापले जातात. पाळी असो, पोटात बाळ असो, पहाटे फडात उभं राहावंच लागतं. हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत अंगावर काढलेलं दुखणं मग गावी येऊन डॉक्टरला दाखवायचं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं जिल्ह्यात बंधनकारक झालं.

मोजणी झाली, हे चांगलं झालं. न मोजलेलं दुःख सरकारदरबारी नसल्यात जमा असतं. पण जामखेडचा इतिहास वाचणाऱ्याने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : ती नोंद त्या बाईच्या दारात परत आली का? अंगावरून पांढरं जाणं हा बहुतेक वेळा औषधाने बरा होणारा आजार आहे, त्यासाठी गर्भाची पिशवी काढावी लागत नाही, हे तिला तिच्या बोलीत कुणी सांगितलं का? फडावरच्या कोपीत स्वच्छ पाणी आणि आडोसा आहे का, हे पुन्हा कुणी मोजलं का? पाहणी करायला टोळीतल्याच चार शहाण्या बायकांना कुणी बरोबर घेतलं का?

यासाठी मोठा पैसा लागत नाही, हे जामखेडने गुरांच्या पडक्या दवाखान्यातून दाखवलं. गावाने निवडलेली बाई लागते, तिच्या पाठीशी उभं राहणारा दवाखाना लागतो, आणि खरी नोंद लपवायची नाही असा गावाचा निश्चय लागतो. नेकनूरला दवाखाना आहे, आशाताई आहेत, अंगणवाडीच्या सेविका आहेत, बचतगट आहेत, आठवडी बाजाराला पंचक्रोशी गोळा होते. टोळ्या निघण्याआधी आणि परत आल्यावर आपल्याच बायकांनी आपल्या बायकांची विचारपूस करून ती टिपून ठेवली, महिन्याला एकदा तो हिशेब गावापुढे वाचला, तरी कामाला सुरुवात होईल.

पुढच्या वेळी ताई वही घेऊन दारात आली, तर कामाची घाई असली तरी तिला आत बोलवावं, घोटभर चहा द्यावा आणि विचारलेलं खरं सांगावं. मग आपणही तिला विचारावं : ताई, मागच्या वेळी लिहून नेलंत, त्याचं काय निघालं? जामखेडच्या गावांत बदलाची सुरुवात याच प्रश्नापासून झाली.